कमी आलेलं बिल

आमच्या काकांना सगळी गल्ली ‘युनिटकाका’ म्हणते, आणि हे नाव त्यांनी घाम गाळून कमावलंय. एकतीस वर्षं घरोघर फिरून त्यांनी विजेचे मीटर वाचले. कुणाकडे पाहुणे मुक्कामाला आहेत, कुणी गुपचूप मोठा फ्रिज घेतलाय, हे त्यांना नुसत्या आकड्यावरून कळायचं. स्वतःच्या घरात मात्र त्यांनी उजेडाशी उभा दावा मांडला होता. काकू खोलीतून बाहेर पडली की हे मागोमाग जाऊन दिवा बंद करणार. एकदा मी बाथरूममध्ये असताना केला. “अहो काका, आत मी आहे,” म्हटलं, तर बाहेरून उत्तर आलं, “साबण लावताना डोळे मिटलेलेच असतात ना?”

मी त्यांची पुतणी, दोन घरं सोडून राहते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

काकूची फुप्फुसं अधू झाली. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन डॉक्टरांनी घरी आणायला लावलं आणि बजावलं, दिवसातले सोळा तास तरी नळी नाकाला हवीच. दोन महिने झाले, तरी काकूच्या दुखण्याला उतार पडेना. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचं तर ती मध्येच दाराला धरून थांबायची. काकांनी खापर फोडलं ते दुपारी जाणाऱ्या विजेवर. आमच्याकडे वीज चार-चार तास जाते, हे खोटं नव्हतं. मग त्यांनी एकच ध्यास घेतला: छपरावर सोलर पॅनल आणि खाली दणकट बॅटरी. सरकार दोन्हींवर अनुदान देत होतं, आणि पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला अनुदानाशिवाय बॅटरी परवडणारी नव्हती. अर्ज त्यांनी स्वतः भरला, कुणाला हात लावू दिला नाही.

मंजुरीचं पत्र आलं. पॅनल मंजूर, पण बॅटरी सगळ्यात लहान. तिच्यावर मशीन जेमतेम दोन तास चाललं असतं. काका पत्र खिशात घालून तडक कार्यालयात निघाले. भांडण होणार हे दिसत होतं, म्हणून मीही सोबत गेले.

खिडकीपलीकडची बाई शांत होती. “काका, मागच्या तीन महिन्यांच्या वापरावरून बॅटरी ठरते. तुमचा वापर फारच कमी आहे.”

“कमी कसा असेल? घरात ऑक्सिजनचं मशीन आहे. महिन्याला एकशे सत्तर युनिट नुसतं ते खातं.”

“मग ते बिलात दिसायला हवं ना?” तिने स्क्रीन आमच्याकडे वळवली. “मशीन आल्यापासून बिल फक्त चाळीस-पंचेचाळीस युनिटनी वाढलंय. खरा वापर दिसणारी तीन बिलं आणा, मी स्वतः अर्ज पुढे पाठवते.”

“मग माझा मीटर बिघडलाय,” काका म्हणाले.

नोकरीत असताना हेच वाक्य कुणी बोललं, तर काका त्याला उन्हात उभं करून अर्धा तास ऐकवायचे.

घरी येताच त्यांनी सगळे दिवे, पंखे, फ्रिज बंद केले. काकूला खुर्चीत बसवून फक्त मशीन लावलं आणि तासभर मीटरसमोर स्टूल टाकून बसले. मीटर चोख होता. काका उठून मशीनपाशी आले, प्लग नीट बसलाय का पाहायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मशीनच्या मागच्या बाजूला एक बारीकशी काच होती. मशीन एकूण किती तास चाललं, त्याचा आकडा तिच्यात दिसत होता. चार महिने ते मशीन त्या माणसाच्या घरात होतं, आणि तो आकडा त्यांनी वाचला नव्हता.

“पाचशे चार,” ते म्हणाले. मग बोटांवर हिशेब करून हळू आवाजात म्हणाले, “दिवसाला चारच तास. अगं, तू बंद करतेस?”

काकू पदराशी चाळा करत राहिली. “तुम्ही वाचनालयात गेलात की करते. आणि रात्री तुमचं घोरणं सुरू झालं की.”

“का पण?”

“चाळीस वर्षं तुम्ही माझ्यामागे दिवे बंद करत फिरलात. हे तर दिव्यापेक्षा कितीतरी जास्त खातं. मला वाटलं, एवढं आपल्याला झेपेल.”

काका तिथेच फरशीवर बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, पण तो चेहरा पाहून ओसरला. “तुला धाप लागायची ती मला दिसत होती,” ते म्हणाले, “आणि मी विजेला शिव्या देत होतो.” मग ते रडले. काकूच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून काकांचं वाचनालयात जाणं बंद झालं. दुपारी वीज नसते त्या तासांसाठी भाड्याने ऑक्सिजनचा सिलिंडर आला. काका पहाटे उठून आधी मशीनची काच वाचायचे, मग चहा. तीन बिलं जमली तसा अर्ज पुन्हा गेला आणि मोठी बॅटरी मंजूर झाली. पण मला आठवतं ते त्या तीन बिलांतलं पहिलं. ते नेमकं काकूच्या हाती पडलं. तिने आकडा पाहिला आणि तिचा हात आपसूक मशीनच्या बटणाकडे गेला.

काकांनी तो हात धरला. “चूक नाहीये त्यात. पै न् पै मी खुशीने भरणार आहे.”

“अहो, पण केवढं आलंय.”

“तू घरात आहेस म्हणून आलंय,” काका म्हणाले. “कमी आलं, तर मला भीती वाटेल.”