ऐनाच्या सालीत बुडवलेले कुर्ते

आमच्या महिला मंडळाची सहल ठरली तेव्हा आई आधी नको म्हणाली. गुडघे दुखतात, गाडी लागते, दोन दिवस घर बंद ठेवायचं म्हणजे, अशी तिची नेहमीची कारणं. मग मी सांगितलं की कोकणात किनाऱ्यापासून आत समुद्रात एक लहान बेट आहे. तिथे माणूस राहत नाही, पक्षीच राहतात. समुद्री गरुडाचं घरटं आहे, जाताना कधी डॉल्फिनही दिसतात. आई मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे पाण्यात मासे असतील?"

"आई, समुद्र आहे तो."

"मग येते. पाण्यात काही जिवंत असतं ते एकदा बघायचंय मला."

ती गंमत करत नव्हती. उल्हासनगरात जीन्स धुण्या-रंगवण्याच्या एका युनिटमध्ये तिने सतरा वर्षं काम केलं. मागच्या नाल्याचं पाणी सकाळी निळं असायचं, दुपारनंतर काळं. त्यात बेडूकसुद्धा नव्हता. आई घरी यायची तेव्हा तिची नखं निळी असायची. युनिट बंद झाल्यावरही ती कितीतरी महिने तशीच होती. त्या पगारावर मी शिकले आणि घरातली पहिली पदवीधर झाले. आणि तरीही कॉलेजात मैत्रिणींना मी सांगायचे, आई गारमेंटमध्ये सुपरवायझर आहे. हे लिहून टाकलेलं बरं.

सहलीची सगळी जुळवाजुळव माझ्याकडे होती, कारण मी बँकेत आहे आणि मला फोनवर सगळं जमतं असा मंडळाचा समज आहे. बेटावर नेणाऱ्या वाटाड्याने सूचना पाठवल्या होत्या. त्यात एक होती: भडक, चमकणारे कपडे नकोत. मी ती बैठकीत वाचून दाखवली आणि कोणी काही बोलायच्या आत सगळ्यांच्या मनात एकच रंग आला. विहारात जायचं, पौर्णिमा असो, लग्न असो, आम्ही पांढरंच घालतो. भडकाच्या उलट पांढरं, यात विचार करण्यासारखं काय होतं? उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून एकाच ताग्याचं कापड घेतलं. आईने ते बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाली, "हे सुती आहे. हेच घ्या." अठरा जणींपैकी सतरा जणींचे कुर्ते शिवून झाले. आई कुर्ता घालायला तयार नव्हती. तिने आपली पांढरी सुती साडी घेतली. माझ्या पदवीदान समारंभाला ती हीच साडी नेसली होती.

शनिवारी सकाळी आमची बस त्या गावात पोचली. समुद्राजवळच्या एका घरात उतरलो. जेवणं झाली आणि उद्याचा धीर न धरवून सगळ्यांनी कुर्ते घालून फोटो काढायला सुरुवात केली. तेवढ्यात वाटाड्या आला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. तो अंगणातच उभा राहिला.

"ताई, हे उद्यासाठी नाहीत ना?"

"उद्यासाठीच," मी म्हटलं. "तुम्ही भडक नको लिहिलं होतं."

त्याने कपाळाला हात लावला नाही एवढंच. "पांढरं सगळ्यात लांबून दिसतं हो. घरट्यात पिल्लू आहे. मादी बिचकून उठली की कावळे टपलेलेच असतात. बोटीतून लांबून दाखवेन, बेटावर उतरवणार नाही."

बाकीचे कपडे काय होते? रात्रीच्या गरब्यासाठी आणलेले टिकल्यांचे ड्रेस, गुलाबी मॅक्सी, पोपटी ओढण्या. खाकी-तपकिरी काही चौघींकडेच निघालं.

"शिकलेली मुलगी बरोबर आहे म्हणून निर्धास्त होतो गं आम्ही," मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या निवृत्त परिचारिका. त्यांचं बोलणं इंजेक्शनसारखं, पटकन आणि नेमकं. जवळच्या बाजाराची दुकानं शनिवारी दुपारनंतर बंद, आणि ओहोटीमुळे बेटावर उतरता येईल अशी वेळ फक्त रविवारी सकाळी. मी म्हटलं, जाऊ दे, बोटीतून बघू.

"बोटीतून का?" आई ओट्यावरून उठली. "कुर्ते काढा सगळ्या."

"मावशी, काय म्हणताय?"

"काढा म्हणते. रंगवून देते."

हशा पिकला. "जीन्स करणार का आमची?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

आईने तिकडे लक्षच दिलं नाही. ती घरमालकाच्या म्हाताऱ्या वडिलांकडे गेली आणि चहापूड किती आहे ते विचारू लागली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चायपावडर कित्याक? ऐनाची साल आसा मा. आमी सुताची जाळी त्याच्यातच शिजवू." पडवीच्या माळ्यावर एके काळी जाळी रंगवायला आणलेल्या ऐनाच्या झाडाच्या सालीचं अर्धं पोतं होतं. भात उकडायची मोठी लोखंडी काहीलही होती. आईने बोटीचे गंजलेले खिळे मागून घेतले आणि वेगळ्या पातेल्यात पाण्यात उकळत ठेवले. साल उकळून पाणी लाल झालं तरी कोणी कुर्ता पुढे करेना. नवा कोरा पांढरा कुर्ता कोण देईल?

आई आत गेली आणि हातात आपली साडी घेऊन आली.

"आई, ती नको," मी म्हटलं.

"का? साडी बघायला आलेय का मी?" आणि तिने ती घडी मोडून सरळ काहिलीत सोडली.

त्यानंतर कुर्ते आपोआप आले.

"तू बांबू धर," आई मला म्हणाली. "हात थांबवायचा नाही. थांबलीस की डाग पडतात." तासभर मी ढवळत होते. धुराने डोळे चुरचुरत होते, खांदे भरून आले होते. मध्येच हात थांबला की तिचा आवाज यायचा, "खालचं वर आण." सतरा वर्षं तिने हे आठ-आठ तास केलं होतं, आणि मी त्याला सुपरवायझर म्हणत होते. परतल्यावर सोमवारी बँकेत शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझी तपकिरी नखं पाहून विचारलं तेव्हा मी सांगितलं, माझी आई उल्हासनगरात कपडे रंगवायची, तिच्याकडून शिकले. सांगायला एक वाक्यच लागलं.

लाल झालेले कुर्ते आईने खिळ्यांच्या पाण्यात बुडवले तसा रंग काळपट मातकट झाला. फक्त शिवणी पांढऱ्या राहिल्या.

"आई, हे?"

"धागा टेरिकॉटचा आहे. तो नाही धरत. लांबून दिसणार नाही."

संध्याकाळी वाटाड्याने एक कुर्ता करवंदीच्या जाळीवर टाकला, शंभरेक पावलं मागे गेला, वळून पाहिलं आणि परत आला. "चालेल. नऊ-नऊ जणी करू. आणि एक शब्द बोलायचा नाही."

"ते अवघड आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग आईकडे वळून, "मावशी, माझा कुर्ता आता धुतला तर जाईल का हो रंग?"

"आता नाही जात," आई म्हणाली. "माझ्या हातचा आहे."

रविवारी सकाळी पहिल्या नऊ जणींत आई होती. बेटावर धक्का वगैरे काही नाही, ओल्या खडकांवर उतरायचं. वाटाड्याने तिचा एक हात धरला, मी दुसरा. तिच्या गुडघ्यांचे हाल मला तिच्या बोटांच्या पकडीत कळत होते. "थांबायचं का?" मी खुणेने विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि पुढचा पाय टाकला. झुडपांमागे आम्ही ओळीने बसलो. समोर उंच झाडावर काटक्यांचं मोठं घरटं आणि त्यात मादी. डोकं, मान, छाती पांढरीशुभ्र.

आई माझ्या कानाशी आली. "हिला बरं चालतं पांढरं?"

मी हसू दाबलं. पलीकडे अध्यक्षबाईंनी ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. मादी मान वळवून आमच्या दिशेने बघत राहिली. आम्ही श्वास धरून बसलो. ती उठली नाही.

मग समुद्राकडून नर आला. पंख न हलवता तरंगत, पायांत मासा धरून. आमच्या डोक्यावरून तो इतका खालून गेला की माशाची शेपटी फडफडताना दिसली. पाण्याचे दोन-तीन थेंब आईच्या पदरावर पडले. एकही शब्द बोलायचा नव्हता, तरी ती बोललीच, अगदी हळू.

"जिवंत आहे गं."