हलका डबा

कोणती गाडी चांगली, असं नानांना विचारलं की ते तोंडाने उत्तर देत नसत. विचारणाऱ्याला दंडाला धरून शेडच्या मागच्या भिंतीपाशी नेत आणि त्याच्या हातात डबा देत. भिंतीवर खिळ्यांच्या दोन रांगा होत्या आणि प्रत्येक खिळ्याला वनस्पती तुपाचा एकेक रिकामा डबा तारेच्या कडीने टांगलेला असे. डब्यावर पांढऱ्या रंगात गाडीचा नंबर. त्या गाडीतून जो झिजलेला, जळलेला किंवा तुटलेला भाग निघेल तो त्या डब्यात पडायचा. बेअरिंग, वॉशर, फाटका पट्टा, स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा, काहीही. टाकण्याआधी गाडीमालकाने तो स्वतः हातात घेऊन पाहायचा, हा तिथला दंडक. "जुनं देखाशिवाय नवं बसाडू देऊ नको," असं ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला बजावत. मालकाला घाई असली तरी त्याचा हात काळा झाल्याशिवाय त्याची सुटका नसे.

जळगावहून असोद्याकडे येताना वस्ती संपते आणि केळीचे मळे सुरू होतात, त्याच्या अलीकडे एका निंबाखाली त्यांची पत्र्याची शेड होती. नाना मूळचे धुळ्याकडचे. आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात फिटर, अशी मजल दरमजल करत ते जळगावात आले होते. अर्धं आयुष्य इकडे काढलं, पण बोली शेवटपर्यंत धुळ्याचीच राहिली. आम्ही असोद्याची माणसं 'आहे'च्या जागी येणाऱ्या त्यांच्या 'शे'ला हसायचो. ते उलट म्हणायचे, "तुमनी भाषा म्हंजे केळानं पान. कोठेबी फाटस." मी मॅट्रिक पास आहे हे कळल्यापासून त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मला ते 'मॅट्रिक' म्हणत, आणि अशा काही सुरात म्हणत, की तो एखादा बरा होण्यासारखा आजार वाटावा.

त्यांचा खरा पाना म्हणजे त्यांचा कान. इंजिन चालू ठेवायचं, लांब पेचकसाचं टोक त्यावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ शेडमध्ये कोणी खोकायचं नाही. मग डोळे उघडून ते निकाल देत, तिसरा सिलिंडर किंवा पंख्याचं बेअरिंग, आणि तो चुकल्याचं मी पाहिलं नाही. धुरावरूनही सांगत. काळा धूर म्हणजे खाणं जास्त आणि हवा कमी, निळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय. डिझेलात रॉकेल मिसळलं असेल तर थेंब बोटावर चोळून आणि चक्क जिभेला लावून ओळखत. त्यांची बायको, अक्का, दुपारी भाकरी घेऊन येई. नाना हात भुशाने आणि रॉकेलने कितीही घासत, तरी भाकरीला वास लागेच. अक्का म्हणे, "यास्ना पोटमा बी डिझेलच शे."

माझी त्यांची गाठ पडली ती गाडी घ्यायच्या वेळेला. तोवर आमच्या घरची केळी बैलगाडीने जात. सत्तरीचं दशक अर्धं सरलं होतं आणि छोट्या डिझेल पिकअप रस्त्यावर दिसू लागल्या होत्या. मला अशा गाडीचं वेड लागलं. वडिलांनी माझ्या हट्टापायी बैलजोडी विकली, आणि जोडी नेली त्या सकाळी ते गोठ्याकडे फिरकले नाहीत. मला फक्त म्हणाले, "आता गाडी उभी राह्यली तर आपणही उभे." हे वाक्य खिशात घालूनच मी नानांकडे गेलो होतो.

तेव्हा आमच्या भागात दोन तऱ्हेच्या पिकअप होत्या. लोकांनी त्यांना तोंडावरून नावं दिली होती. पुढे लांब बॉनेट असलेली ती नाकवाली आणि सीटखाली इंजिन असलेली ती चपटी. नानांनी आधी एका वीटभट्टीवाल्याच्या नाकवालीचा डबा माझ्या हातात दिला. मनगट लचकेल इतका जड. मग एका कापूसवाल्या शेठजींच्या चपटीचा दिला. त्यात दोन वॉशर आणि एक पट्टा. गाड्या साधारण एकाच वयाच्या. मला आणखी काय हवं होतं! मी म्हणालो, "नाना, ठरलं. चपटी." नाना डबा परत टांगत म्हणाले, "हलका शे हे देखं. कसाले हलका शे, ते इचारं का?" मी विचारलं नाही. मॅट्रिक माणसाला वजन कळत होतं, तेवढं पुरे होतं. आणि गाडी निवडून देणं नानांच्या तत्त्वात नव्हतं.

चपटी आली आणि भिंतीवर माझ्या नंबरचा कोरा डबा लागला. त्याबरोबर मला शनिवारही लागला. काही बिघाड नसला तरी दर शनिवारी गाडी नानांकडे न्यायची, हा त्यांचा आवडत्या गिऱ्हाइकांपुरता नियम होता. "बिघाडी जावावर बठ्ठाच लोके येतस," ते म्हणत, "चांगली ऱ्हास तव्हय येस तो मना मानूस." मग पेचकस, मिटलेले डोळे, माझा रोखलेला श्वास, आणि शेवटी चहा. चहा पिताना ते गाडीच्या टपावर दोन थापा मारत, बैलाच्या पाठीवर माराव्यात तशा. ते पाहून मला वडिलांपुढे जरा ताठ उभं राहता येई.

एक वर्ष दृष्ट लागण्यासारखं गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात पहूरच्या बाजारासाठी पिकलेली केळी भरून निघालो आणि पहूर चार-पाच मैलांवर असताना चपटीने एकदा आचका दिला आणि ती गप्प झाली. वर ऊन, खाली डांबर पातळ होत चाललेलं, मागे केळी. जळगावकडे जाणाऱ्या एका ट्रकवाल्याकडे मी नानांसाठी निरोप दिला. दुपार कलायच्या आत ते एसटीतून उतरले, हातात हत्यारांची पिशवी आणि डोक्यावर ओला टॉवेल. अर्ध्या तासात त्यांनी सांगितलं की डिझेलचा पंप गेला, आणि तो ना जळगावात मिळेल ना धुळ्यात. तो पुरा खोलून मुंबईला पाठवावा लागेल.

मी बोटांवर दिवस मोजू लागलो. नाना मात्र गाडीवर चढले, ताडपत्री फेकली आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली केळी उतरवायला लागले. मग जी काही मौज झाली ती आठवून मला अजून हसू येतं. कोपरापर्यंत काळे हात, गंजीफ्रॉकावर तेलाचे डाग, आणि हा माणूस बाजाराला चाललेल्या बायाबापड्यांना हाका मारतोय! एका म्हातारीने घड हुंगून नाक मुरडलं. "बाबा, रॉकेलचा वास येऊन राह्यला याले!" नाना गंभीरपणे म्हणाले, "रॉकेल नही माय, डिझेल. ताकदना माल शे." म्हातारी हसली आणि डझनभर घेऊन गेली. दिवस मावळेपर्यंत निम्म्याहून जास्त केळी गेली. उरलेली त्यांनी तिथल्या पोरांना वाटून टाकली.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "नाना, शेठजींचा डबा मग हलका कसा?" ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पंप मुंबईले जास ना, तो आठे परत येस नही. त्याना बदला दुसरा येस. मंग डबामा काय पडी?" शेठजींचा पंप दोनदा गेला होता. शेठजींकडे दोन गाड्या असल्यामुळे एक उभी राहिली तरी कोणाच्या लक्षात येत नव्हतं. आणि वीटभट्टीवाल्याची नाकवाली महिन्याला कुरकुरायची खरी, पण तिचा कोणताही भाग सकाळच्या एसटीने धुळ्याहून आणला की दुपारी ती वीट ओढायला तयार असायची. दोन्हींची तुलना मी वजनाने केली होती, आणि खरा खर्च डब्यात आलाच नव्हता. माझं तोंड पाहून नाना म्हणाले, "तुनी गाडी वाईट नही, मॅट्रिक. तिना दवाखाना दूर शे, इतलंच." 'मी सांगितलं होतं' हे त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही आणि पुढेही कधी म्हटलं नाही.

गाडी नऊ दिवस उभी होती. ती चालू झाली त्या शनिवारी नानांनी अंगणातले नऊ खडे वेचले आणि माझ्यासमोर एकेक करून माझ्या डब्यात टाकले. तेव्हापासून ती रीतच पडली. गाडी जितके दिवस उभी राहील तितके खडे. शेठजींच्या डब्यातही त्यांनी आठवून आठवून खडे घातले. "आते खरा तोल व्हयना," ते म्हणाले. माझ्या एका चुकीने त्यांच्या भिंतीत सुधारणा झाली, याचा मला उगाच अभिमान वाटला.

इथपर्यंतच सांगून थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

पुढे वर्षभरात धुळ्याला चपट्या गाड्यांसाठी एक मोठं नवं वर्कशॉप निघालं. फरशीची जमीन, निळे कपडे घातलेले कारागीर, आणि तयार पंप कपाटात. गाडी सकाळी द्या, संध्याकाळी न्या. वडिलांचं ते वाक्य माझ्या खिशात होतंच. मी जाऊ लागलो, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. नानांना सांगितलं असतं तर तेच म्हणाले असते की जा, दवाखाना जवळ आला. पण मी सांगितलं नाही. एक शनिवार चुकला, मग दुसरा चुकला, आणि मग इतके चुकले की तोंड दाखवायची लाज वाटू लागली. एकदा शेडवरून जाताना नाना बाहेरच उभे होते. गाडीचा आवाज लांबून ऐकून आले असणार. त्यांनी हात वर केला. मी समोर बघत राहिलो आणि गाडी पुढे काढली. आरशात पाहिलं तेव्हा हात अजून वरच होता. नंतर मी चार मैलांचा फेरा घेऊन दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागलो. डिझेल जळत होतं ते माझंच होतं, पण मला तेच परवडत होतं.

अशी दोन वर्षं गेली. नाना वारल्याचं मला बाजारात कळलं, तेही दहावा होऊन गेल्यावर. मी शेडवर गेलो. निंबाखाली कोणी नव्हतं. आत अक्का डबे उतरवून ठेवत होती, ज्याचा त्याला परत द्यायला. मला पाहून ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पाट सरकवला आणि पाणी दिलं.

"शेवटना महिना धुळाले आंडेरना घर व्हतात," ती सांगू लागली. "खाटवर पडी ऱ्हायेत. एक दिन एकदम म्हनेत, मॅट्रिकनी गाडी गई. पट्टा ढिल्ला शे तिना."

मुलीचं घर त्या नव्या वर्कशॉपच्या मागच्याच गल्लीत होतं. त्या महिन्यात मी तिथल्या बाकावर तीनदा तरी बसून चहा प्यालो होतो. आणि पट्टा, तो त्याच महिन्यात परतीच्या वाटेवर तुटला होता.

अक्काने माझा डबा पुढे केला. मी एका हाताने घ्यायला गेलो आणि दुसरा हात लावावा लागला. आत माझे मोजके जुने भाग, आणि त्यावर काठापर्यंत खडे. मी म्हणालो, "अक्का, गाडी तर इतकी कधी उभी राहिली नाही."

"नऊ त्या पहूरना," अक्का म्हणाली. "बाकीना शनवारना. गाडी उभी ऱ्हायनी तं खडा, मॅट्रिक उना नही तं खडा. धुळाले जावालोंग टाकेत."

न आलेल्या शनिवारांचे ते खडे मी मोजले नाहीत. तिथेच, त्या तेलकट जमिनीवर बसून, मी लहान मुलासारखा रडलो. अक्का तोवर बाकीचे डबे पुसत राहिली.

चपटी विकून किती वर्षं झाली. त्यानंतर माझ्या दारात चार गाड्या आल्या आणि गेल्या, आणि एकीच्याही टपावर कोणी थापा मारल्या नाहीत. शनिवारी सकाळी अजून मला उगीच कुठेतरी निघायचं आहे असं वाटतं. डबा मात्र ओसरीवर खिळ्याला टांगलेला आहे. गावातलं कोणी तरुण माणूस नवी गाडी घ्यायची म्हणून सल्ला विचारायला आलं, की मी तो उतरवून त्याच्या हातात देतो.

"बापरे, काय जड आहे," तो म्हणतो. "फार बिघडायची का हो तुमची गाडी?"

"नाही रे," मी म्हणतो, "गाडी चांगली होती."