चंदेरी बाजू पाहुण्यांकडे

आमच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांची हक्काची जागा. त्यांचा पोर्शन राहिला की माझा तास गेला. मी नालवाडीहून अप-डाऊन करते, सिंदी रेल्वे स्टेशनला उतरायचं, पुढे ऑटो. एवढं करून पोचावं आणि माझ्या तासाला फळ्यावर वर्गमूळ दिसावं, की डोकं फिरतंच. म्हणून नववीचा तास हाती लागला त्या दिवशी मी ठरवूनच गेले होते, आज फुलदाणी नाही.

डिजिटल वर्गातला टीव्ही नशिबानं सुरू होता. मी पश्चिम आफ्रिकेतल्या आजच्या कलावंतांची कामं दाखवायला घेतली. आफ्रिका म्हटल्याबरोबर पोरांनी सिंह, जिराफ, अख्खं जंगल उभं केलं. "मॅडम, तिकडं शाळा राह्यते का?" एकानं विचारलं. "राहते, आणि तिकडे चित्रकलेच्या तासाला चित्रकलाच होते," मी ठोकून दिलं. मग एक फोटो आला. भिंतभर लोंबणारं, चुण्या पडलेलं, सोनेरी-लाल कापड. "पैठणी!" "हट, गोधडी आहे ते!" असा गलका झाला. मी फोटो मोठा केला. ते कापड नव्हतंच. दारूच्या बाटल्यांची पत्र्याची ढक्कनं ठोकून चपटी केली होती आणि तारेनं एकमेकांना बांधली होती.

तिकडे अरुंद पट्ट्या विणायच्या आणि त्या जोडून मोठं वस्त्र करायचं अशी जुनी रीत आहे, तीच या कामात उतरली आहे, हे मी समजावलं. आणि ढक्कनंच का? तर परदेशी व्यापारी जहाजं घेऊन त्या किनाऱ्यावर आले, दारू उतरवली आणि माणसं चढवली, गुलाम म्हणून. एरवी इतिहासाला जांभया देणारा वर्ग गप्प बसून ऐकत होता. मला हुरूप आला. सोमवारी सगळ्यांनी ढक्कनं आणायची, स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी आपणही असं कापड करायचं, असं मी जाहीर करून टाकलं. माझ्या डोक्यात सोड्याच्या बाटल्या होत्या. सोडा आता प्लास्टिकमध्ये येतो, हे काही सुचलं नाही.

सोमवारी पिशव्या आल्या. सगळी दारूची ढक्कनं. आमचा जिल्हा दारूबंदीचा, मी जन्मायच्या आधीपासून. कागदावर इथे कोणी थेंबही घेत नाही. "कुठून आणली रे एवढी?" तर उत्तर एकच, सापडली. नाल्यात सापडली, पुलाखाली सापडली, शाळेच्या मागं सापडली. घरातून म्हणून एकही नाही. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिची पिशवी सगळ्यात मोठी होती आणि तीत बहुतेक लाल ढक्कनं होती. "मी घरून आणले," ती म्हणाली. "माह्या बाबाचे आहेत."

कोणी हसलं नाही. मी तिची पिशवी टेबलावर ठेवून घेतली. "बरं, बस," एवढंच म्हटलं.

काम सुरू झालं. सिंदीत पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे, तिथून जळक्या मोटारींची तांब्याची तार मिळाली. ढक्कन दगडानं ठोकायचं, खिळ्यानं भोकं पाडायची, तार ओवून पिळायची, उरलेली पकडीनं कापून टोक आत दुमडायचं. त्या टोकांवरून मी पोरांचं डोकं खाल्लं, कारण टोक बाहेर राहिलं की हात लावणाऱ्याच्या बोटात घुसतं. ती मुलगी फक्त लाल पट्टा करायची. तिचं काम असं सफाईचं, की त्यावरून बोट फिरवलं तरी तार कळत नसे.

बाबांना हे ठाऊक आहे का, असं मी एकदा तिला विचारलं.

"सांगतलं न, मॅडम. प्रदर्शनाले येतो म्हणे. पाह्यतो म्हणे माह्ये किती आहेत."

हा माणूस एकाही पालकसभेला आलेला नव्हता.

"तो आला पाह्यजे, मॅडम, बस," ती म्हणाली. "एकडाव सारे एका जागी पाह्यले पाह्यजे त्यानं."

संमेलनाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक फेरीवर आले. कापडाजवळ थांबले, चष्मा लावून ढक्कनांवरची नावं वाचू लागले आणि त्यांचा चेहरा उतरला. कारण पाहुणे म्हणून बोलावले होते ठाणेदार साहेबांना.

"अहो मॅडम, ठाणेदारासमोर दारूची ढक्कनं टांगता? नोकरी नकोशी झाली का?"

"कचरा आहे, सर. चोरीचा माल नाही," मी म्हटलं. मी बरंच भांडले. शेवटी त्यांनीच तोड काढली. कापड उलटं करायचं, आतली चंदेरी बाजू समोर, छापील बाजू भिंतीकडे.

ती मुलगी तिथेच पकड घेऊन बसली होती. उठून उभी राहिली. "सर, भिंतीले नका लावू जी. माहा बाबा येऊन राह्यला. त्याले मंग काय दिसन?"

सरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते माझ्याकडे बघू लागले. मला त्या घडीला त्यांचा मनापासून राग आला होता, त्यामुळे डोकं बरं चाललं. "भिंतीला तसंही लावता येणार नाही, सर," मी म्हटलं. "नव्या रंगाला खिळा मारायचा नाही, तुमचीच सूचना आहे." तशी सूचना खरोखरच होती, सहीशिक्क्यासकट. मग कापड व्हरांड्यातल्या लोखंडी पाइपाला दोरीनं टांगलं. चंदेरी बाजू पाहुण्यांकडे, रंगीत बाजू मागे, पाणी प्यायच्या नळाकडे.

दुसऱ्या दिवशी ठाणेदार साहेब आले, चंदेरी बाजूसमोर थांबले. "वा! कशाचं केलं हे?"

"टाकाऊतून टिकाऊ, साहेब," मुख्याध्यापकांनी घाईनं सांगितलं. फोटो काढायला सगळे रांगेत उभे राहिले.

मी मागे नळाकडे गेले. तिचा बाप आला होता. इस्त्रीचा शर्ट, केस चोपून बसवलेले. सरळ उभं राहायला त्याला जरा मेहनत पडत होती. मुलगी त्याला कापडाजवळ घेऊन आली. लाल पट्टा वरपासून खालपर्यंत उतरला होता.

"हे सारे माह्ये?"

"लालवाले सारे तुह्ये. बाकीचे गावाचे."

"बाप्पा! एवढे?"

पलीकडे टाळ्या वाजत होत्या. तो पट्ट्यावरून बोट फिरवत खाली आला, अगदी उकिडवा बसेपर्यंत. मग त्यानं शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक लाल ढक्कन काढून तिच्या हातावर ठेवलं.

"हे राह्यलं होतं," तो म्हणाला. "शेवटचं समज."

नळाच्या ओट्यावर तिनं ते दगडानं चपटं केलं, खिळ्यानं भोकं पाडली आणि पट्ट्याच्या खालच्या टोकाला बांधलं. वीतभर तार उरली होती. मी सवयीनं पकड पुढे केली.

तिनं ती घेतली नाही. "राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "तार लागन अजून."