तिसऱ्या मजल्यावरची घंटी

परवा नांदेडला एका कॉलेजात मुलींशी गप्पा मारायला गेले होते. मी पुलांवर आणि धरणांवर कंपनं मोजणारी यंत्रं बसवते, त्याबद्दल बोला म्हणाले. स्लाइड्स वगैरे जय्यत तयारी होती... आणि हिमायतनगरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, तुमचं पहिलं यंत्र कोणतं?"

स्लाइड्स राहिल्या बाजूला. पुढचा अर्धा तास जे सांगत बसले, ते इथेही लिहून ठेवते.

आमचं घर अहमदपूरचं. अण्णांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, जळालेल्या पाण्याच्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या. तांब्याच्या तारेच्या ढिगात बसून मी अभ्यास करायचे, त्यामुळे होल्डर, बेल, बॅटरी हीच माझी खेळणी.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सहावीत होते. आमच्याकडे भिंतींना नुसत्या भेगा पडल्या... पण औशाकडच्या एका गावात आईची धाकटी बहीण भिंतीखाली गेली. झोपेतून उठायलाही वेळ मिळाला नाही तिला.

त्यानंतर आईने स्लॅबखाली झोपणं सोडलं ते सोडलंच. अंगणात पत्र्याचं शेड टाकलं आणि उशाशी रोज पेल्यावर पेला पालथा घालून ठेवायला लागली. जमीन हलली की पेले पडणार, आवाज होणार, आपण पळणार... मांजराने आम्हाला किती वेळा पळवलं त्याची गणतीच नाही.

दहावीला मला चांगले मार्क पडले. लातूरच्या क्लासेसची हवा तेव्हा नुकती तापायला लागली होती. जून आला की पत्र्याच्या पेट्या घेऊन पोरं लातूरच्या एसटीत चढायची, आणि मलाही जायचं होतं... खूप. ॲडमिशन झाली, होस्टेलही मिळालं, पण खोली तिसऱ्या मजल्यावर.

आई नाही म्हणाली. अण्णांनी समजावून पाहिलं, मी रडून पाहिलं, दोन दिवस जेवले नाही... ती हटेना. बरं, तिच्यावर रागावणार तरी कसं? तिची भीती काही खोटी नव्हती.

मग मी दुकानात ठाण मांडलं. तांब्याच्या तारेला एक जड बोल्ट टांगला आणि त्याच्याभोवती पितळी कडी बसवली. हादरा बसला की बोल्ट हलून कडीला टेकणार, सर्किट पूर्ण होणार, घंटी वाजणार... शेजारी पेट्या बनवणाऱ्या रशीदचाचांनी त्याला पत्र्याचा झकास डबा करून दिला.

आईने रीतसर परीक्षा घेतली. डबा बाजेला बांधायला लावला आणि बाजेवर हळूच बुक्की मारली. घंटी वाजली नाही. "आनखी बारीक कर," म्हणाली. मी बोल्ट आणि कडीतली फट कमी केली. पुन्हा बुक्की, पुन्हा "आनखी"... शेवटी बोट टेकवलं तरी वाजायला लागली, तेव्हा कुठे तिने लातूरला जायला मान डोलावली.

यंत्र जरा जास्तच नाजूक झालंय हे मला कळत होतं. पण गप्प बसले. लातूर हवं होतं ना!

लातूरला नळाला पाणी रोज येत नाही, हे मात्र आम्हा दोघींच्या हिशेबात नव्हतं. होस्टेलमधला चौथा दिवस, संध्याकाळची वेळ... कोणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" आणि तीसेक पोरी बकेटी घेऊन जिन्याकडे धावल्या. मजला दणाणला आणि माझी घंटी जी कोकलायला लागली, काही विचारू नका.

ती कशाची घंटी हे मी पहिल्याच दिवशी मिरवून सांगितलं होतं. त्यात निम्म्या पोरी भूकंप पाहिलेल्या... बकेटी जिन्यात टाकून सगळ्या खाली मैदानात. कोणी रडतंय, कोणी एकमेकींना मोजतंय. खरं सांगते, मीही त्यांच्यात होते. मलाही ते खरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी रेक्टरबाईंनी आई-अण्णांना बोलावून घेतलं आणि थेट वर माझ्या खोलीत आणलं. मी पेटी आधीच भरून ठेवली होती. सायन्स संपलं, लातूर संपलं, असं समजून चाललेच होते.

"तुमच्या पोरीनं नुसता कालवा केला! जिन्यात एखादीचा पाय मोडला असता म्हंजे?" रेक्टरबाई म्हणाल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "वाजली ना पर?"

"वाजली की! त्याच्यापायीच तर..."

"समद्या पोरी भाईर आल्या?"

"हाव, आल्या."

"मंग चांगलंच हाय की बाई. माझी बहीन भाईर आली न्हाई."

अण्णा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आता आई पेटी उचलणार म्हणून मी चप्पल पायात सरकवली... तर ती खाली बसली, पेटी उघडली आणि एकेक कपडा काढून फळीवर लावायला लागली.

"फट जरा मोठी कर," माझ्याकडे न बघता म्हणाली. "अन् शीक आता."

दर कपड्यागणिक तिची नजर वर स्लॅबकडे जात होती. ती पहिल्यांदाच एवढ्या उंच इमारतीत आली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आज मी कुठल्याही पुलावर यंत्र बसवते तेव्हा लोक माझी डिग्री विचारतात. सांगते मी. कॉलेजात माझं नाव जूनमध्येच लागलं होतं... पण माझी खरी ॲडमिशन त्या दिवशी आईने केली. पोटात एवढी भीती घेऊन, तीन मजले चढून.