कपबशी फुटली तं काय म्हणायचं?

मोहाडीतल्या आमच्या आणि शेजारच्या अंगणातली भिंत कमरेएवढी. मी काही कान लावून बसत नव्हते हो, पण भाजी निवडायला तिथंच उजेड चांगला! त्यामुळे किस्से आपोआप जमत गेले.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. शेजारी कापडदुकानात कामाला असलेले देवरावभाऊ, बायको सुमन आणि आई सोनामावशी. नवराबायकोनं मिळून बाहेरून मॅट्रिकचा फॉर्म भरला. सुमन पास झाली तर बालवाडीत नोकरी होती. दोघांचंही घोडं इंग्रजीत अडलेलं!

०

अडचण अशी, की सासूसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. भाऊ गाईड उघडून विचारत, "कपबशी फुटली तं काय म्हणायचं?"

मावशी समोरच बसलेल्या. सुमन गाईकडे तोंड करून म्हणे, "बॅड लक, कपिले!"

०

एकदा मांजरीनं तळ्यातली ताजी मच्छी पळवली. भाऊ ओरडले, "बॅड लक!"

मावशी म्हणाल्या, "इंग्रजीत बोंबलल्यानं मांजर मच्छी वापस आणून देते काय रे?"

०

आमच्या यांची तुमसरची एसटी चुकली. मी भिंतीवरून ऐटीत सांगितलं, "हार्ड लक झालं, भाऊ!"

"गाडीमागं धावले होते काय?"

"नाई बाप्पा! पान खात उभे होते."

"मंग साधं बॅड लक, वहिनी. हार्ड लक मेहनत करणाऱ्यालेच म्हणतेत!"

आमच्या यांच्या वाट्याला हार्ड लक कधी आलंच नाही.

०

निकालाचा पेपर आला. सुमनचा नंबर होता. भाऊंनी बोट फिरवून पान दोनदा पाहिलं. त्यांचा नव्हता. पेपर घडी करून ते ओसरीवर मान खाली घालून बसले. मावशी समोर, मी भिंतीपाशी. एक शेंग सोलली असेल तर शपथ!

सुमन बाहेर आली. सासूच्या देखत, सरळ भाऊंकडे पाहून म्हणाली, "बेटर लक नेक्स्ट टाइम."

भाऊंनी मान वर केली. मावशी माझ्याकडे वळल्या. "कमल, सुमी येवढं लंबं काय म्हणली व?"

मी चौथी शिकलेली. म्हटलं, "चहा मांडते म्हणली, मावशी."

मावशी काठी घेऊन उठल्या. "मंग दोघाइपुरताच मांड म्हणा. मी देवळात जातो."