डोहगावची नाव आणि रविवारची लॉरी

त्या हिवाळ्यात आमच्या भवानी पेठेला डोहगावचं वेड लागलं होतं. ज्या घरी हळदीकुंकवाला जावं तिथं कुणीतरी नुकतंच डोहगावला जाऊन आलेलं असायचं. भीमेच्या पलीकडच्या काठावरचं महादेवाचं जुनं देऊळ, खांबांवर कोरलेल्या नाचणाऱ्या बायका, आणि माघ संपला तरी न आटणारा डोह. सोलापूरकराला देवळापेक्षा त्या डोहाचंच कौतुक जास्त. आमच्याकडे चैत्र-वैशाखात भाकरी वाढताना हात सैल असतो, पाणी ओतताना आखडतो.

आमच्या यांचं सुताचं दुकान. त्यांचं म्हणणं, "देऊळ बघायला इतक्या लांब कशाला? सिद्धेश्वराचं तळं काय वाईट आहे?"

मी म्हटलं, "तळ्यावर तुमची गिऱ्हाइकं भेटतात, आणि भेटली की तुम्ही पायरीवरच भाव करायला बसता. डोहगावात सूत घेणारं कुणी नाही."

शेवटी यांनीच बेत ठरवला. दुकान धाकट्या दिरांवर सोपवून दोन दिवसांची मोकळीक काढली. तुम्हीही जाणार असाल तर दोन दिवसच काढा. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना देऊळ दिसतं, पण गाव दिसत नाही.

रविवारी पहाटे विजापूर वेशीबाहेरून मोटार लॉरी सुटते. जाऊन-येऊन माणशी बारा आणे, मुलांना निम्मे. भाडं देण्याआधी बाकावर गोणपाट आहे का ते पाहून घ्या. नसेल तर घरून रजई न्या. मंद्रुपपर्यंत रस्ता खडीचा आणि बरा. पुढे काळ्या रानातली चाकोरी आहे. तिथे लॉरी इतकी उसळते की शेजारच्या स्थूल गृहस्थांनी दोनदा माझ्या डब्यावर आणि एकदा यांच्या मांडीवर बैठक मारली. ड्रायव्हर मात्र कानडीत गाणं म्हणत मजेत होता. दोन्ही बाजूंना ज्वारी काढून झालेली, धाटांचे ढीग लागलेले, आणि त्यांतून मेंढरांचे कळप चरत होते. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे होते. ते मात्र स्थूल गृहस्थांच्या भारानेही मोडले नाहीत.

डोहगाव येण्याआधीच लॉरी आल्याची वर्दी गावाला पोचलेली असते. वेशीवरच्या चिंचेखाली माणसं गोळा झाली होती. पाच वर्षांपूर्वी इथे चुलीवर चहाचं आधण चढत नव्हतं म्हणे. आता चहाचं छप्पर आहे, पेरूच्या पाट्या आहेत, नारळ-बेलाचं दुकान आहे, आणि आजाऱ्याला टेकून बसायला देतात तसली एक आरामखुर्चीही आहे, बसायचा एक पैसा. हे खुर्चीवर बसले आणि पैसा वसूल होईतो उठले नाहीत.

मी तेवढ्यात एका घराच्या ओट्यावर जाऊन पेलाभर ताक मागितलं. आतल्या बाईंनी हसून कपाळाला हात लावला.

"ताक कुटलं आता, अक्का? ऐतवारचं दूद समदं चाला जातंय. आमची पोरंबी आता चाच मागत्यात की."

पण सांगताना त्यांनी हातातल्या नव्या बांगड्या दोनदा खुळखुळवल्या, त्यामुळे ही तक्रार होती की फुशारकी ते मला ठरवता आलं नाही.

घाटावर आलो आणि मन निवलं. काठावर करंजांची रांग, खाली हिरवंगार पाणी, आणि पलीकडे उन्हात उजळलेलं देऊळ. गावात नाव एकच, आणि नावाडीही एकच, सिदा कोळी. पन्नाशीचा, उंच, बोलणं कमी. त्याची बायको सुंद्राबाई घाटाजवळच्या पडवीत प्रवाशांना पिठलं-भाकरी करून घालते. रात्री उतरायलाही तीच पडवी, आणि आमचा मुक्काम तिथेच ठरला होता.

घाटावर आमच्या आधीपासून दहा-बारा माणसं बसलेली होती. पलीकडे देवळामागे रविवारचा बाजार भरतो, त्याला निघालेली. सगळ्यांत पुढे एक म्हातारी होती. डोक्यावर वांग्यांची पाटी, काखेत दोन कोंबड्या. तिचं नाव कोंडाबाई, हे मला मागाहून कळलं. नाव काठाला लागली तशी ती उठून पाण्यात उतरलीसुद्धा. पण आमची लॉरी म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मंडळी धावत सुटली, टपाटप नावेत चढली. नावेतून कुणी हात धरून मला ओढलं आणि मीही आत.

सिदाने एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग म्हणाला, "मावशे, जरा दम धर. ही शेरातली मान्सं हायती."

नावेत जागा नव्हतीच. मी सरकून पाहिलं, स्थूल गृहस्थांनी ती जागा लगेच भरली. नाव निघाली. ती बाई गुडघाभर पाण्यात तशीच उभी होती, आणि डोक्यावरची पाटी तिने खाली ठेवली नव्हती. देऊळ सुंदर आहे. खांबावरच्या एका नर्तकीच्या पायात काटा रुतलाय आणि ती तो काढते आहे, ती जरूर बघा. मी मात्र तिच्याकडे बघत असतानाही मधूनमधून नदीकडे वळत होते. लॉरीतल्या माणसांच्या दोन खेपा झाल्या, तेवढ्यात दुसरी लॉरी येऊन थांबली, तिच्याही दोन झाल्या. गावकऱ्यांतले तरणे लोक वरच्या अंगाला उतार शोधून, धोतरं डोक्याला गुंडाळून पार झाले. म्हातारीला ते जमणारं नव्हतं.

दुपारी आम्ही परतलो तेव्हा ती करंजाखाली बसून होती. वांगी सुकली होती, कोंबड्या मात्र ताज्यातवान्या. बाजार मोडून माणसं परत येऊ लागली होती.

माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, सगळी वांगी मी घेते. बाजारभावाने द्या."

तिने मला खालपासून वर न्याहाळलं. राग नव्हता, पण मायाही नव्हती.

"घ्या की. वांग्याचं काय यवडं! माजी लेक पल्याड नांदती. सासू आठ दिसांनी बाजाराला तेवडी सोडती तिला. आज वाट बघून गेली आसंल. पैशानं लेक भेटती व्हय, बाई?"

मी पैसे दिले आणि वांगी उचलून पडवीकडे निघाले.

संध्याकाळी लॉरी गेली आणि गाव एकदम शांत झालं. पडवीत सुंद्राबाईने त्याच वांग्यांचं भरीत केलं, वर कच्च्या कांद्याची फोड. हे तीन भाकरी खाऊन भिंतीला टेकले. सुंद्राबाई बोलकी, पण त्या दिवशी चिंतेत होती.

"उद्या खळ्यावर जायचं हाय," ती म्हणाली. "औंदा दाना देत्यात का न्हाय, द्येव जाने."

मग तिने सगळं उलगडून सांगितलं. नावाड्याने गावाकडून पैसे घ्यायचे नसतात. वर्षभर त्याने गावाला नदी पार करून द्यायची, आणि सुगीत प्रत्येक राशीतून त्याच्या वाट्याचा दाणा उचलायचा. सिदाच्या आज्यापासूनची ही रीत. नाणं मिळतं ते परक्यांकडून, आणि परके आता इतके येतात की हिवाळ्यातल्या रविवारी सिदाच्या कनवटीला खळखळ वाजतं. म्हणून गाव बिथरलं होतं.

"मग पैसे मिळतात तर दाणा हवा कशाला?" यांनी विचारलं. दुकानदारच ते.

सुंद्राबाईने भाकरी थापता थापता हात थांबवला. "भाऊ, जेष्टात नदी फुगली की तुमची मोटार येती का? चार म्हयने चिटपाकरू येत न्हाय. तवा आमी रुपया शिजवून खावा? आन दाना तुटला म्हंजे आमी ह्या गावचं न्हाई ऱ्हायलो. गावचं न्हाई, तर मग ह्या घाटावर आमचं काय?"

यांनी मान डोलवली. त्यांचं तोंड बंद करणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली आणि मला ती फार आवडली.

सोमवारी सकाळी तिच्याबरोबर मीही खळ्यावर गेले. गावाबाहेर, सारवून गुळगुळीत केलेलं मोठं खळं. मधे पाटलांची रास, पिवळीधमक, उन्हात डोळ्यांत भरणारी. कडेला लहान लहान राशी. सुतार, न्हावी, परीट आपापली पोती घेऊन आलेले. सिदा सगळ्यांत मागे उभा होता, पोतं खांद्यावर तसंच घडी घातलेलं.

एकेकाला दाणा मिळत गेला. सिदाची पाळी आली तसे पाटील मिशीत हसले.

"तुला रं कशाला दाना? तुजं पीक तर मोटारीतनं येतंय की! ज्याची खावी पोळी, त्येची वाजवावी टाळी. जा, मोटारवाल्याची वाजीव."

खळ्यावर हशा झाला. सिदाची मान खाली गेली. सुंद्राबाई मात्र उसळली.

"नावंला दोन नव्या फळ्या कुनाच्या पैशानं बसल्या, पाटील? गावानं दिल्या? गेल्या सालापातूर बुडाशी बसून पानी उपसत पार व्हत व्हता तुमी समदे!"

तेही खरं होतं. पाटलांनी राशीवरची झाडणी उगाच इकडून तिकडे फिरवली. मला वाटलं, जणू माझाच दाणा अडला होता. सिदा वळला आणि चालायला लागला.

"सिदा, थांब!"

कोंडाबाई होती. तिची रास कोपऱ्यात, दोन माणसांनी कवेत घ्यावी एवढीच. ती पाटलांकडे पाहतही नव्हती.

"आन तुजं पोतं हिकडं."

सिदा तिच्याजवळ गेला, पण पोतं उघडेना. ज्या बाईला काल पाण्यात उभी ठेवली, तिच्या राशीला हात कसा लावायचा? तिनेच त्याच्या खांद्यावरून पोतं ओढून घेतलं, तोंड पसरलं आणि मापाचा शेर भरला. आपल्याकडे रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

"लाभ," कोंडाबाई म्हणाली आणि शेर पोत्यात रिकामा केला. मग दुसरा, तिसरा. तिच्या राशीच्या मानाने ते फार होतं.

मग शेर राशीत खुपसून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता ऐक. म्या काय धरम केला न्हाय. दाना घेतलास तर ऐतवारी सकाळी नाव गावाची. बाजाराचं शेवटचं मानूस पार झाल्याबिगर शेरातल्या मान्साचा पाय नावंत पडाय नगं. न्हाय जमत, तर वत माजा दाना माज्या राशीत माघारी."

सिदाने पोत्याकडे पाहिलं. रविवारची सकाळ म्हणजे त्याची सगळी कमाई, हे खळ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. सुंद्राबाईचे डोळे त्याच्यावर खिळले होते आणि तिने पदराचं टोक दातांत धरलं होतं. तो खाली वाकला. त्याने पोत्याचं तोंड मुठीत धरलं, दोरीने आवळून गाठ मारली.

"व्हय, मावशे," तो म्हणाला. "पयली तू."

पाटील थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिले. मग आपल्या गड्यावर ओरडले, "आरं बगतोस काय? सोड त्येच्या पोत्याची गाठ आन घाल आपलाबी!" आणि माझ्याकडे वळून, गालातल्या गालात हसत, "बरंच हाय की, बाई. तुमची मंडळी दुपारपातूर ह्याच काठाला बसली तर आमच्या पुतन्याचा चा आन पेरू खपतील."

पाटील ते पाटीलच! पण सिदाच्या पोत्यात दाणे पडू लागल्याचा आवाज ऐकला आणि त्यांची चतुराईही मला गोड लागली. सुंद्राबाईने तिथल्या तिथे माझा हात दाबला. तिचा तळवा चुलीने खरखरीत झालेला होता.

निघताना तिने पडवीचे आणि जेवणाचे मिळून सहा आणे घेतले. वर शेंगांची पुरचुंडी दिली, तिचे पैसे घेईना. बैलगाडीने मंद्रुप, तिथून विजापूरकडून येणारी मोटार, आणि दिवेलागणीला घरी. हे वाटेत फारसे बोलले नाहीत. मला वाटलं, हिशेबात गढलेत.

पुढच्या आठवड्यात घरापुढच्या आमच्या दुकानात मंडळी जमली होती. रविवारी डोहगावचा बेत चालला होता. एकजण म्हणाला, "लवकर पोचायला हवं, नाहीतर नावेला गर्दी होते." मी आतून चहा पाठवत होते. यांनी सुताचं बंडल खाली ठेवलं.

"उशिरा जा," हे म्हणाले. "आणि लवकर पोचलात तर चहा प्या, पेरू खा, खुर्चीत बसा, एक पैसा पडतो. पण नावेत चढू नका. तिथे कोंडाबाई म्हणून एक आहेत. त्यांची लेक पलीकडे थांबलेली असते."

पडद्यामागे माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांच्या संसारात यांच्या इतक्या प्रेमात मी क्वचितच पडले असेन.

तर तुम्हीही जा. गोणपाटाचं बघून बसा, काटा काढणारी नर्तकी चुकवू नका, सुंद्राबाईच्या हातचं भरीत खाल्ल्याशिवाय परतू नका. तुमचे पैसे तिथे हवेच आहेत. त्या नावेच्या फळ्या त्यांतूनच बसल्या. फक्त घाटावर पोचलात आणि नाव रिकामी दिसली, तरी पाय टाकण्याआधी एकदा मागे वळून बघा, पाटी घेऊन कुणी उभं आहे का.