अडखळत वाचणारा टर्नर

माझे आजोबा कारखान्यात टर्नर होते. छत्तीस वर्षं लोखंड कातत एकाच लेथपुढे उभे राहिले. मापाचे पक्के, पण बोलायची पंचाईत. 'प' आणि 'म' ही दोन अक्षरं कायम त्यांच्या वाटेत पाय पसरून बसलेली. फोन वाजला की ते आजीकडे बघायचे. दुकानात बोट दाखवून वस्तू मागायचे. लग्न ठरतानाही म्हणे नुसती मान हलवून मोकळे झाले होते.

असा माणूस दर रविवारी चर्चमध्ये, भर मंडळीसमोर, शास्त्रपाठ वाचायचा. तेही तीस वर्षं.

सुरुवात योगायोगानेच झाली. नेहमी वाचणारे शिक्षक आजारी पडले आणि तेव्हाच्या पाळकसाहेबांनी पहिल्या बाकावर जो दिसला त्याच्या हातात पुस्तक दिलं. ते नेमके आजोबा निघाले. दहा ओळींना त्यांना अकरा मिनिटं लागली. पोरं खिदळली, मोठ्यांनी तोंडाला रुमाल लावले. घरी आल्यावर आजी म्हणाली, "फिटली ना हौस? आता पुरे."

"प-पुढच्या रविवारीही मीच वाचणार."

"अहो, लोक हसतात!"

"हसू देत. शब्द म-माझे थोडेच आहेत? मी फक्त प-पोचवायचे."

लोक काही दिवस हसले, मग कंटाळले, मग ऐकायला लागले. पुढचा शब्द कधी येतो याची वाट बघताना मागचा शब्द नीट ध्यानात राहायचा. एकदा पाठात लांबलचक नावाचा एक राजा आला. आजोबा पहिल्याच अक्षरावर रुतले. एक मिनिट गेलं, दोन गेली. शेवटी अख्ख्या मंडळीने एका सुरात राजाचं नाव घेतलं. आजोबा "आभारी आहे" एवढं स्वच्छ म्हणाले आणि पुढे वाचू लागले.

मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करते. एकोणिसाव्या वर्षी मी चर्चला जायचं थांबवलं. घरात रण माजलं. आत्या दोन महिने माझ्याशी बोलली नाही. आजोबांनी मात्र एकदाच विचारलं, "रागाने सोडलंस, की प-पटत नाही म्हणून?"

"पटत नाही म्हणून."

"मग ठीक," म्हणाले आणि त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली. ते माझ्यासाठी प्रार्थना करत असणारच. मला ऐकू जाईल अशी कधी केली नाही.

गेल्या वर्षी दुपारचं जेवण झाल्यावर ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आजी त्याआधीच गेली होती. अंत्यविधीचं सगळं आत्याने हातात घेतलं. वाचन दादाकडे दिलं. दादा म्हणजे तिचा मुलगा, आवाज खणखणीत. त्याने पाठ दोन मिनिटांत वाचून टाकला, एकही चूक न करता. माझ्या शेजारी बसलेल्या बेकरीवाल्या मावशी कुजबुजल्या, "अगं, सुरू कधी झालं?"

चार दिवसांनी आजोबांच्या कारखान्यातले वेल्डरकाका भेटायला आले. चहा पिता पिता म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे बाहेर जायचो. तुझे आजोबा लेथ रिकामाच चालू ठेवायचे आणि त्या आवाजात मोठमोठ्याने वाचत बसायचे. सोमवार ते शनिवार, रोज तोच पाठ. एकदा विसरलेला डबा घ्यायला मी आत आलो, तेव्हा कळलं."

"आवाजात कशाला?"

"कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून."

मग मला आठवलं. निवृत्त झाल्यावर आजोबा रोज दुपारी जेमतेम तीन कपड्यांसाठी वॉशिंग मशीन लावायचे आणि दार लोटून तिथेच बसायचे. "वीज फुकट मिळते का?" असं मी त्यांना दोनतीनदा सुनावलंही होतं. काका गेल्यावर मी बराच वेळ कप विसळत राहिले.

त्याच आठवड्यात नव्या पाळकसाहेबांना भेटले. वयाने माझ्याएवढेच असतील.

"मला एकदा वाचायचंय," मी म्हटलं. "पण आधीच सांगते, माझा विश्वास नाही."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मग कशाला वाचायचंय?"

"ते सहा दिवस तयारी करायचे. त्यांच्या नावाने कुणीतरी तेवढी तयारी करून वाचावं असं वाटतं."

त्यांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "वाच. नंतरची प्रार्थना मी करेन. तुला 'आमेन' म्हणायची सक्ती नाही."

सहा दिवस मी इमारतींच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये मोटरच्या घरघरीत पाठ वाचला. त्यांच्याइतका वेळ मला लागत नव्हता, पण चौथ्या दिवसापर्यंत कुठे थांबायचं ते कळायला लागलं. रविवारी उभी राहिले. सातव्या ओळीवर आवाज फुटेना. खाली बघत राहिले. कुणी खोकलं नाही, कुणी चुळबुळ केली नाही. वाट बघायची त्या लोकांना सवयच होती. जरा वेळाने मी पुढची ओळ वाचली.

बाहेर आल्यावर आत्याने विचारलं, "रडलीस ना?"

"घसा बसलाय."

"हो का!" म्हणाली आणि पर्समधून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली.

आता महिन्यातला एक रविवार माझ्याकडे असतो. विश्वासाचं म्हणाल तर मी होते तिथेच आहे. पोरगी वळणावर आली, असं आत्या सगळ्यांना सांगत फिरते. सांगू दे. या महिन्यातला पाठ चांगला दोन पानांचा आहे. सोमवारपासून बसावं लागेल.